मारझानपुढे ठेवलेलं ताट

कोकबुलाक, ३ नोव्हेंबर

मारझान,

मेंढीच्या डोक्याचं मानाचं ताट गावच्या थोरल्या तुर्सिनबेक अतांच्या पुढ्यातून उचलून मी तुझ्यापुढे ठेवलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. त्याआधीचा दाउलेत कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता, दर शनिवारी गाडीत तुझ्या शेजारी बसून गावच्या शाळेत समानतेचा तास घ्यायला यायचा, आणि पुढे आपलं काय होणार हे त्याला पाठ होतं. नंतरचा दाउलेत कॉलेज सोडून हमरस्त्यावर मामाच्या पंक्चरच्या दुकानात ट्रकची चाकं खोलतो. हे पत्र नंतरचा लिहितोय. कागदावरचे काळे डाग शाईचे नाहीत.

शाळेच्या बाई, कुलयाश आपाय, तुझा अल्माटीचा पत्ता द्यायला तयार नाहीत. पत्र दे, मी पाठवते, म्हणाल्या. उघडून वाचणार नाही असं वचनही दिलंय त्यांनी. (आपाय, वाचत असाल तर इथेच थांबा. विद्यार्थ्यांना काय शिकवता आणि स्वतः काय करता!)

त्या दुपारी तू मला एक वाक्य ऐकवलंस आणि निघून गेलीस. माझं ऐकून घेतलंच नाहीस. म्हणून तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहितो, माझ्या बाजूनं.

मागणी किती साधी होती. आपल्या गावची शाळा नववीपर्यंत. पुढचं शिकायला बत्तीस किलोमीटर खाली, मोठ्या गावात. तिथल्या वसतिगृहात चार खोल्या, चारही मुलांच्या. मुलींनी नातेवाइकांकडे राहावं म्हणे, आणि ज्यांचे नातेवाईक नाहीत त्यांनी घरी बसून वासरं राखावीत. सिम्बात नववीत पहिली आलेली, आणि तिचं खाली कुणी नाही. चारातली एक खोली मुलींना द्या, एवढंच ती पोर बोलणार होती. ऐकायला सरकारी कारभारी अकीमसाहेब आणि गावचे सहा वडीलधारे शाळेत आले होते. आधी जेवण, मग सभा. मी ताट फिरवलं आणि म्हातारे आशीर्वादाला ओंजळसुद्धा न धरता काठ्या उचलून चालते झाले. अकीमसाहेब त्यांच्या मागून. सभा झालीच नाही.

यात माझं काय चुकलं? वर्षभर आपण पोरांना हेच सांगत होतो ना, की मान देताना मिशी बघू नका, काम बघा? त्या खोलीत सगळ्यात जास्त काम तू केलं होतंस. मग डोकं तुझं. बाकीच्यांनी समानता नुसती शिकवली, मी करून दाखवली.

रागात लिहिलंय. असू दे. खोडत नाही.

दाउलेत


कोकबुलाक, २२ नोव्हेंबर

मारझान,

आज शनिवार. सकाळी शहराकडून येणारी ती पांढरी गाडी दुकानासमोर हवा भरायला थांबली. ड्रायव्हर तोच, सोन्याच्या दाताचा. त्यानं मला ओळखलं. "तुझ्याबरोबरची पोरगी कुठे गेली रे? तुम्ही भांडायला लागलात की माझा रस्ता लवकर संपायचा," म्हणाला. मी म्हटलं, "चाकाकडे बघा, मागचं झिजलंय."

तो गेला आणि मी तुझ्या खिडकीचा विचार करत बसलो. ती कायम तुझी, डावीकडची तिसरी. काचेवर हिम जमलेलं असायचं आणि तू त्यावर नखानं आजच्या तासाला काय काय घ्यायचं ते कोरायचीस. घाट चढेपर्यंत ऊन यायचं आणि आपला अभ्यासक्रम वितळून तुझ्या बाहीवर ओघळायचा. मी हसायचो. तू म्हणायचीस, "हसू नकोस, मला पाठ झालाय. तुला?" मला कधीच पाठ नसायचा. मी तुझं नख बघत असायचो.

शाळेची ती कोपऱ्यातली खोली आठवते? कोळशाची शेगडी पेटेपर्यंत अकरा पोरं टोप्या घालूनच बसायची, तोंडातून वाफा काढत. तुझी आई फडक्यात बांधून गरम तळलेले बाउरसाक पाठवायची आणि आपाय बजावायच्या, "आधी तास, मग खाणं." आणि स्वतःच पहिलं उचलायच्या.

आपायचा तो पाण्याचा खेळ! मुली बोलत असतील तोवर मुलग्यांनी तोंडात पाण्याचा घोट धरून बसायचं. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. नववीतली शेंबडी पोरं पाच पाच मिनिटं फुगल्या गालांनी बसायची आणि मी, त्यांचा शिक्षक, दुसऱ्याच मिनिटाला "पण खरं म्हणजे" म्हणून अर्धा घोट समोरच्याच्या वहीवर. तू म्हणालीस, "आपाय, याला पाणी नको, सरळ बर्फाचा खडा द्या." त्या दिवशी तू इतकी हसलीस की शेगडीला टेकलीस आणि कोटाला भोक पडलं.

आणि सिम्बात. पहिले दोन महिने ती पोर आपल्या बुटांशीच बोलायची. तू तिला आधी शेगडीशी बोलायला लावलंस. मग अंगणात बांधलेल्या घोड्याशी. "घोडा मान हलवेपर्यंत बोल," म्हणालीस. मग माझ्याशी. मी तुझी लोकरीची टोपी उलटी घालून तुर्सिनबेक अता व्हायचो, काठी आपटायचो, आणि ती रडकुंडीला यायची. आपाय फळ्याशी उभ्या राहून एकच घोकवायच्या: "गाऱ्हाणं नको, मागणी. कुणाकडे, काय, कधीपर्यंत." मार्च उजाडला तोवर ती माझ्या डोळ्यांत बघून बोलायला लागली होती. त्या दिवशी परतीच्या गाडीत तू नुसती हसत होतीस, बाहेर बघून. मला वाटलं, ही अशी हसत असेल तर मी जन्मभर गावोगाव काठी आपटत फिरेन.

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात वर्षभर एक ओळ लिहिलेली होती: 'तिला विचारलं का?' पुसायची नाही असं ठरलं होतं. अक्षर चांगलं म्हणून ती मलाच लिहायला लावली होती.

त्याबद्दल आज नको.

दाउलेत


कोकबुलाक, १२ जानेवारी

मारझान,

काल दुपारी दुधाच्या गाडीतून सिम्बात उतरली. केवढी उंच झालीय. दुकानात शिरली आणि म्हणाली,

"आगा, हवा आहे का?"

"चाक कुठाय?"

"चाक नाही. तुमच्यात किती उरलीय ते बघायला आले."

मामा आतून खो खो हसला. पाना बाजूला ठेवून मी तिला चहा दिला.

नववी झाल्यापासून ती घरीच आहे, हे तुला आपायनं कळवलं असेलच. वासरं राखते. तिच्याबरोबर नववी झालेल्या दोघी आता खोलीच्या मागणीतून बाद झाल्या. एकीला आत्यानं शहरात पोरं सांभाळायला नेलंय, दुसरी शिवणाच्या कारखान्यात लागलीय. सिम्बातचं नाव शाळेनं अजून ठेवलंय, पण येत्या सप्टेंबरात ती दहावीत बसली नाही तर कायमचं कापणार. नवरोजच्या आधी पुन्हा सभा ठेवायला अकीमसाहेब तयार आहेत. म्हातारे मात्र म्हणतात, ज्यानं ताट उचललं तो आधी तुर्सिनबेकच्या दारात येऊ दे, मग बघू.

"ते तुमचं तुम्ही बघा," सिम्बात म्हणाली. "मला तालीम हवी. तुमच्यासारखं घालूनपाडून कुणाला बोलता येत नाही. आपाय प्रयत्न करतात, पण मधेच म्हणतात, सॉरी बाळा."

मग टायरच्या ढिगावर बसून मी अता झालो. "मुलीला दहावी कशाला गं? नववीवालीनं घासलेली कढई काळी राहते काय?"

"अता, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी कोण वाचतं?"

"नात."

"कितवी शिकली?"

"अकरावी. खाली, मावशीकडे राहून."

"मला मावशी नाही, अता. चिठ्ठी मात्र मलाही वाचता यायला हवी. आजी माझ्याच भरवशावर आहे."

मामानं आतून टाळी वाजवली.

जाताना तिनं विचारलं, "आगा, त्या दिवशी तुम्ही तसं का केलंत?" मी सुरू केलं, की बघ, समानता म्हणजे... तिनं मला थांबवलं. "मी दारात बशा घेऊन उभी होते. अता काय म्हणाले ते मीही ऐकलं होतं."

म्हणून आता लिहितो. पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं.

तुर्सिनबेक अता चहाचा पेला हातात फिरवत म्हणाले होते, "ही मारझान मी आमच्या बहिणीच्या घरासाठी हेरून ठेवलीय बरं का. हिच्या हातचा चहा कसा मलईवर रंग धरतो बघा." सगळे हसले. तूही हसलीस, बशीकडे बघत, जसं सगळ्या मुली हसतात. माझे कान पेटले. समानता, वसतिगृह, सिम्बात, काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. मला अख्ख्या खोलीला सांगायचं होतं की ही माझी आहे. दोन वर्षांत तुला एकटीला गाठून ते म्हणायची हिंमत झाली नव्हती. म्हणून मेंढीच्या डोक्याकरवी सांगितलं, तेही तुला नाही, त्यांना.

आणि तुझे वडील. ज्याचा बाप जिवंत आहे त्यानं डोक्याला हात लावायचा नसतो, त्याच्यापुढे ते ठेवायचंही नसतं, हे आपल्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? माझा बाप जाऊन दहा वर्षं झाली, म्हणून तर ते ताट वाढायचं काम मला दिलं होतं. आमच्या घरी मी दहाव्या वर्षापासून डोकं कापतोय. इतकी सवय झालीय की दुसऱ्या कुणाचा बाप असतो हेच विसरलो. तुझे तर तिकडे पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर पाळीला गेलेले. तुझी आई किंचाळली, "जिवंत माणसाच्या लेकीपुढे?" आणि तिथेच बसून फोन लावत राहिली. कामावर फोन बंद ठेवतात हे तिलाही माहीत होतं. तरी लावत राहिली. त्यांचा फोन लागेपर्यंत चार तास तिनं पाणी घेतलं नाही, हे मला आपायनं नंतर सांगितलं.

तू ताटाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "मला विचारलंस का?" एवढंच म्हणालीस.

नाही विचारलं.

दाउलेत


कोकबुलाक, २७ फेब्रुवारी

मारझान,

आईनं शापान शिवला. निळा मखमली, काठाला सोनेरी कशिदा. शिवताना दोरा दातानं तोडला की माझ्याकडे बघायची. तो झगा घडी करून हातावर घेतला आणि तुर्सिनबेक अतांकडे गेलो. म्हातारा गोठ्यात घोडीच्या पायाला पट्टी बांधत होता.

"कोण? ताटवाला?"

"हो, अता."

"धर हिचा पाय."

धरला. पट्टी बांधून झाली. मग मी शापान त्यांच्या खांद्यावर घातला आणि चुकलो म्हणालो. ते बाहीचं अस्तर चाचपत म्हणाले, "कापड चांगलं आहे. हे बघ बालाम, मी आयुष्यात शंभर डोकी खाल्लीत. एक नाही मिळालं म्हणून मी काही वाळलो नाही. पण तू माझ्यादेखत त्या पोरीचा बाप मारलास. त्याच्याकडे गेलास का?"

"नाही."

"मग इथे आधी कशाला आलास? म्हाताऱ्याचा राग स्वस्त पडतो म्हणून?"

"त्या पोरीबद्दल तुम्हीही बोललात, अता," मी म्हटलं. जीभ शेवटी माझीच. त्यांनी दाढी खाजवली. "बोललो," म्हणाले. "ती समोर बसली होती आणि मी घोडी दाखवावी तसं बोललो. तिला माझाही निरोप कळव." मग काठी उचलून माझ्या छातीला लावली. "सभेला ये. बस. आणि गप्प बस."

तो निरोप कळवला. आता माझं.

तुझे वडील महिनाभराच्या सुट्टीवर आलेत. मी अंगणात पाऊल ठेवलं तेव्हा ते लाकडं फोडत होते. मी सगळं पाठ करून गेलो होतो. त्यांनी कुऱ्हाड ठोकळ्यात रोवली.

"मेलेल्या माणसाच्या हातचा चहा चालतो का तुला?"

मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं. तुझी आई आत भांडी आपटत होती, पण तिसरा पेला भरताना तिनं त्यात मलई घातली.

नंतर त्यांनी विचारलं, "माझी पोर आवडते तुला?"

"हो."

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस?"

म्हणून सांगतो. मारझान, मला तू आवडतेस. त्या काचेवर पहिल्यांदा कोरत होतीस तेव्हापासून. उत्तर मागत नाही. मागण्याचा हक्क मी त्या दुपारी घालवला, आणि घालवला नसता तरी द्यायचं की नाही हे तुझ्यावरच होतं.

निघताना तुझे वडील फाटकापर्यंत आले. "ती म्हणते, अक्षर पहिल्या पत्रापेक्षा सुधारलंय," म्हणाले आणि पुन्हा लाकडांकडे वळले. घरी येईपर्यंत मी ते वाक्य किती वेळा म्हटलं ते सांगत नाही.

दाउलेत


कोकबुलाक, १९ मार्च

मारझान,

सभा झाली. काय ठरलं ते मी लिहिणार नाही. सिम्बात तुला स्वतः लिहितेय, वासरांमागे बसून, आज सकाळी तिनं दोन पानं फाडली. ती बातमी तिची आहे. मी फक्त माझ्यापुरतं लिहितो.

जागा तीच, शाळेची जेवणाची खोली. पातळ पडदे, आणि भिंतीवर तू रंगवलेला तो वाकडा ट्युलिप अजून तसाच. सकाळपासून मी पाणी भरलं, चुलीला लाकडं दिली, हात धुवायला तांब्या धरून म्हाताऱ्यांपुढे ओणवा फिरलो. प्रत्येकाच्या हातावर पाणी घालताना मला तू आठवत होतीस. मागच्या वेळी तू टॉवेल घेऊन माझ्यामागे होतीस आणि दर माणसाला कुजबुजून म्हणायचीस, "सांभाळा, हा गुडघ्यावर ओततो." या वेळी टॉवेल सिम्बातच्या धाकट्या भावाकडे होता. मुलगे पाणी घालतील, पुसतील आणि बशाही उचलतील, हे पोरांनी आपसात ठरवून टाकलं होतं. आपल्याला वर्षभर शिकवून जमलं नाही ते त्यांनी बिनबोभाट केलं.

डोकं तुर्सिनबेक अतांपुढे गेलं, नाक त्यांच्याकडे करून. त्यांनी माझा शापान घातला होता. सुरीनं कान कापून त्यांनी सिम्बातकडे दिला. लहानांना कान द्यायचाच असतो, नीट ऐकावं म्हणून.

"घे पोरी. ऐकायला शीक."

सिम्बातनं दोन्ही हातांनी घेतला. "अता, कान मी खाते. पण आज ऐकायची पाळी तुमची आहे."

मग अकीमसाहेबांना ठसका लागला, आणि म्हातारे असे हसले की चहा सांडला. मी आपायकडे बघितलं. त्या नाक पुसत होत्या.

जेवण झालं, ओंजळी धरल्या, आशीर्वाद झाला. बशा उचलल्या गेल्या. सिम्बात उभी राहिली. कागद नव्हता तिच्या हातात. कुणाकडे, काय, कधीपर्यंत, तिन्ही सांगून झालं. मी भिंतीशी बाकावर बसलो होतो, हात मांडीखाली दाबून. तेवढ्यात तो कोपऱ्यातला जाड मानेचा, दुकानवाला सेरिकबाय, दात कोरत बोलला, "खोली द्यायची, देखरेखीला बाई नेमायची, आणि दहावीला गेली की ही कुणाच्या तरी मोटारीत बसून पळणार. मग गावानं काय, खोली झाडत बसायचं?"

दोघंतिघं हसले.

देवाशपथ मी काही बोललो नाही. फक्त बाक वाजला. मी अर्धा उठलो होतो हे मला बाक वाजल्यावर कळलं. उत्तर द्यायला तोंड उघडलेली सिम्बात थांबली. तिनं सेरिकबायकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. तुर्सिनबेक अतांची काठी जमिनीवरून वर आली आणि तशीच राहिली.

"आगा," सिम्बात म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

"मी काही बोललो नाही."

"बोलला नाहीत. पण मी तुमच्याकडे बघतेय, तुम्ही उठाल का म्हणून. मला त्यांच्याकडे बघायचंय."

मी आपायकडे वळलो. आपाय फळा वाचत असल्यासारख्या भिंतीकडे बघत होत्या, आणि त्या भिंतीवर फळा नव्हता. तुझे वडील दाराशी बसले होते, त्यांनी पाय आखडून मला वाट करून दिली.

मारझान, बाकापासून दारापर्यंत नऊ पावलं आहेत. त्या नऊ पावलांत माझ्याकडे सेरिकबायला द्यायला चार उत्तरं होती, एकाहून एक झणझणीत. सगळी माझ्या जिभेवर होती. पाठीमागे सिम्बातनं घसा साफ केला आणि म्हणाली, "सेरिकबाय आगा, आता तुमचं. तुमची थोरली लेक कुठे शिकते?"

उत्तर काय आलं ते मला ऐकायचं होतं. फार ऐकायचं होतं. मी टोपी घातली, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.